बख्तरभाऊ

तलवार घ्यायची की ढाल, हा प्रश्न बख्तरभाऊला कधी पडलाच नाही. त्याला पडलेला प्रश्न असा, की दोन ढाली घेता येतात का? मास्तर सांगतात, येत नाहीत. घेतल्या तरी फायदा एकीचाच धरला जाईल. मग तो नियमांची झेरॉक्स थोडा वेळ उलटीसुलटी करतो आणि डोकं वर न काढता विचारतो, "बरं मंग, एक पाठीले बांधून ठेवली तं?"

हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव यवतमाळात निम्म्या लोकांना माहीत आहे, कारण काकांच्या कृषी केंद्राचा गल्ला तोच सांभाळतो. बख्तरभाऊ हे आम्ही टेबलावर ठेवलेलं नाव. चिडवायला म्हणून ठेवलं आणि त्याने ते पदवी म्हणून घेतलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी आणला. पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, राक्षस-चोर-राजे सगळे तोच होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमलं की फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. पुण्याला नोकरीला गेलेली आमची पोरं २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप आणि पाठदुखी घेऊन परत आली, त्यांच्या बॅगेत हे फासेही होते. पोरं पुन्हा पुण्याला गेली, फासे राहिले. आता दर रविवारी संध्याकाळी कृषी केंद्राच्या माडीवर आम्ही चौघं बसतो. मास्तर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, म्हणून गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे. डॉक्टरताई होमिओपॅथीचा दवाखाना बंद करून येतात आणि जादूगारीण होतात. मी चोर. खाली सरकीची पोती आणि औषधांचे खोके, वर कूलरची घरघर आणि दर तासाला काकूंचा चहा.

खेळात प्रत्येक पात्राला एक 'आर्मर क्लास' असतो. शत्रूने फासा टाकला, त्यात आपलं कौशल्य मिळवलं आणि बेरीज या आकड्याला पोचली की वार लागला. नाही तर गेला हवेत. टेबलावर सगळे त्याला 'एसी' म्हणतात. एकदा काकू चहा घेऊन वर येत होत्या आणि बख्तरभाऊ छाती पुढे काढून सांगत होता, "आपला एसी एकवीस हाय, ताई! एकवीस!" काकू जिन्यातच थांबल्या. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात खसच्या टट्ट्या. "कुठी लावला बाप्पा एसी? अन् एकवीसवर? बिल कोन भरते?" बख्तरभाऊने त्यांना लढवय्याच्या पोलादी चिलखताबद्दल अर्धा तास समजावून सांगितलं. काकूंनी चहा खाली ठेवला आणि कूलरही बंद करून गेल्या.

हा एकवीस त्याने कसा जमवला, ते ऐकण्यासारखं आहे. पात्र बनवताना डॉक्टरताईंनी जादूगारिणीच्या डोळ्यांचा रंग ठरवला, मी चोराला एक दुःखी बालपण दिलं. बख्तरभाऊने आधी मरणाचे प्रकार लिहून काढले. मग एकेकाचा बंदोबस्त. जात कोणती? बुटका; कारण बुटक्याला विष कमी बाधतं. बुटक्यांतही डोंगरी, कारण त्याला दर पायरीला एक प्राणगुण जास्त मिळतो. पेशा लढवय्या, कारण जड चिलखत चालतं, आणि बुटका असल्यामुळे त्या ओझ्याने चाल मंदावत नाही. मुळात ती पंचवीसच फूट, हा भाग वेगळा. लढण्याच्या शैलींत धनुर्विद्या होती, दोन हातांची तलवार होती. त्याने 'बचाव' उचलली, एसीत एकाची भर. चौथ्या पायरीवर सगळे ताकद वाढवतात, याने चिवटपणा घेतला: दर पायरीला आणखी दोन प्राणगुण. पात्राचं नाव काय, असं मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "ते राहू द्या ना सर, नावाने काय अडते?" दोन महिने आम्ही त्याला 'तो बुटका' म्हणत होतो.

राहिलं पूर्ण पोलादी चिलखत. त्याची किंमत दीड हजार सोन्याची नाणी आणि बख्तरभाऊच्या थैलीत तेव्हा चारशे दहा. इथे त्याच्यातला यवतमाळकर जागा झाला. ज्या गावाचा दुर्गोत्सव नावाजलेला आहे, त्या गावात वर्गणी मागायला कुणाला शिकवावं लागत नाही. खालून मंडळाचं जुनं पावतीपुस्तक घेऊन आला आणि एकेकाकडे वळला. "हे काही माह्यासाठी नाही. समोर कोन उभं राह्यते? मी. मंग हे चिलखत कोनाचं? सगळ्यायचं." डॉक्टरताईंकडून सहाशे नव्वद घेतली, माझ्याकडून चारशे. पावती दिली, खाली सही केली, 'अध्यक्ष' असं लिहिलेलं होतं तिथे.

त्यानंतरचे हिशेब त्याने सोयाबीनच्या बियाण्याच्या बिलबुकामागे मांडून ठेवलेत, मी पाहिलेत. गॉब्लिन म्हणजे भुतकं पोरगं, फाशावर अधिक चार. एकवीसला पोचायचं तर त्याला सतरा किंवा वर पडायला हवं, म्हणजे शंभरात वीस वेळा. बख्तरभाऊला ती वीस सोसवेना. म्हणून तो आपली पाळी आली की हल्ला करतच नाही, 'हुलकावणी' जाहीर करतो. मग शत्रूला दोन फासे टाकून त्यातला कमी तो धरावा लागतो आणि शंभरात चारच वार लागतात. "चार!" तो बोटं दाखवतो. हुलकावणीत आपलाही वार होत नाही, हे डॉक्टरताईंनी लक्षात आणून दिलं तर म्हणाला, "जित्तं राह्यलं तं मारता येईनच ना कधी तरी."

तो 'कधी तरी' अजून आलेला नाही.

अडचण अशी, की मास्तरांचे गॉब्लिन दहावी नापास असतील, पण मूर्ख नाहीत. दोन वार पोलादावर खणखणले की ते त्याला वळसा घालतात आणि मागे सुती झग्यात उभ्या असलेल्या डॉक्टरताईंकडे जातात. त्यांचा एसी बारा. सागाच्या जंगलातल्या एका लढाईत (मास्तरांचं जंगल नेहमी टिपेश्वर अभयारण्यासारखंच असतं, तिथली वाट, तिथला नाला, फक्त वाघाच्या जागी घुबडमुखी अस्वल) ताई तीनदा बेशुद्ध पडल्या, माझा चोर झाडावर चढून बसला आणि बख्तरभाऊ मैदानाच्या मधोमध ढाल पेलून, गुडघे वाकवून, एकटा हुलकावण्या देत होता. कुणाला? कुणालाच. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. लग्नघरी पंगतीला बसा असं कुणी म्हणालंच नाही, तसा चेहरा करून तो मास्तरांना म्हणाला, "सर, मले कोनी मारतच नाही. काऊन?"

बचावाचा पवित्रा घेतला की वार थांबतातच असं नाही. कधी ते दुसऱ्यावर जातात, कधी दुपटीने येतात. आमच्या गावाला हे नव्याने सांगायला नको. जानेवारी २०१९ मध्ये इथे साहित्य संमेलन भरलं, तेव्हा गोंधळाच्या धमकीला भिऊन लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. ढाल पुढे केली आणि मग महाराष्ट्रभरातून जे वार आले त्यांतला एकही चुकला नाही. असो, तो विषय वेगळ्या लेखाचा.

बख्तरभाऊला घाबरट म्हणणं मात्र अन्याय होईल. घाबरट माणूस लढाईतून पळतो. हा पळत नाही, पंचवीस फुटांच्या चालीने पळणार तरी कुठे? तो दूरदर्शी आहे आणि ती दूरदृष्टी फार जवळची आहे. घरापासून दुकान तीन मिनिटांवर, तरी हेल्मेट घालून, खाली दुपट्टा बांधून येतो. उन्हाळ्यात खिशात कांदा, जुन्या माणसांनी सांगितलाय म्हणून. आणि कांदा चालला नाही तर दुसऱ्या खिशात ओआरएसची पुडी. तलाठी भरतीचा फॉर्म भरला, वनरक्षकाचाही भरला. सिमकार्डं दोन, दोन्ही वेगळ्या कंपनीची. एकदा मुलगी पाहायला गेला, तेव्हा पोह्यांत शेंगदाणे आहेत का, असं आधी विचारलं. ॲलर्जी नाही, असती तर, म्हणून. लग्न जमलं नाही. "पाह्यलं?" तो म्हणाला, "तिथं चिडके लोक निघाले असते."

गायगॅक्स हे खेळ बनवण्याआधी विमा कंपनीत जोखीम तपासायचं काम करत, हे त्याला कुठे तरी वाचायला मिळालं. त्या दिवसापासून गायगॅक्स त्याच्या घरचे झाले. तोवर तो त्यांच्यावर नाराज असायचा, कारण जुन्या नियमांत एसी जितका कमी तितका चांगला होता आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो उलटा फिरवला. "एवढा हुशार मानूस असून असं कसं केलं?" असं तो आम्हाला विचारायचा. राज्य सरकारने २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा काढला, तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने अर्ज भरायला लावला, एका न्हाव्यालासुद्धा. न्हाव्याकडे शेत नव्हतं. "कधी घेतलं तं?"

इतिहासातला दाखला त्याच्याकडे एकच, आणि तो बिनतोड आहे असं त्याला वाटतं. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. अफझलखानाने वार केला आणि महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं. "बंद! विषय बंद! चिलखत नसतं तं?" टेबलावर हात आपटतो, फासे उडतात. डॉक्टरताई शांतपणे विचारतात, "आणि वाघनखं?" बख्तरभाऊ चहाचा कप उचलतो, फुंकर मारतो, म्हणतो, "ते नंतरचं आहे, ताई." त्याच्या इतिहासात भेट चिलखताशी संपते. खान बहुधा स्वतःहून परत गेला असावा.

खरा तडाखा त्याला बसला तो आगीच्या गोळ्याने. एका खडूस मांत्रिकाने वीस फुटांच्या घेऱ्यात आग फेकली. बख्तरभाऊ खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "एसी एकवीस, सर. लागत नाही." मास्तर म्हणाले, आग चिलखत बघत नाही. तिथे वार चुकतो का हे शत्रूने पाहायचं नसतं. तू चपळाईने बाजूला होतोस का, हे तू फासा टाकून पाहायचं. बख्तरभाऊने चपळाईच्या रकान्यात आठ लिहिलेले. बाकी सगळे गुण त्याने अंगकाठीत घातले होते. फासा पडला चार. सहा तोंडांचे आठ फासे मास्तरांनी मोजून ओतले, एकतीस आले. पोलादाच्या आत बुटका खरपूस झाला. पाय हलके असल्याने मी निम्म्यावर सुटलो आणि ताई घेऱ्याबाहेरच होत्या.

त्या रात्री तो फार वेळ माडीवर बसून राहिला. मग मला खाली काउंटरपाशी घेऊन गेला. खेळाबद्दल काही बोलणार असं वाटलं होतं. त्याने कपाशीच्या बियाण्याचं एक जुनं रिकामं पाकीट काढलं.

बीटी कपाशीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी एकशेवीस ग्रॅमची छोटी पुडी यायची, साध्या बिगरबीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने, धुऱ्यालगत लावायची. तिथल्या पराटीवर अळ्या जगतात. त्यातून निघालेले पतंग, बीटी पचवून जगलेल्या थोड्याशा पतंगांशी जुगतात आणि बीटीला न जुमानणारी जात लवकर तयार होत नाही. थोडक्यात, काही ओळी अळीला देऊन बाकीचं शेत राखायचं. कोण लावणार? त्या ओळींत कापूस कमी येतो. पुडी बहुतेकांनी धुऱ्यावर फेकली. बख्तरभाऊ नुकता गल्ल्यावर बसायला लागला होता, प्रत्येकाला सांगायचा, "पुडी लावजा काका." काका हसायचे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं आतून खाल्ली. वरून पराटी हिरवीगार, एसी एकवीस. पुढे हे बी पाकिटातच मिसळून यायला लागलं, कारण लोकांच्या शहाणपणावर विसंबता येत नाही, हे कंपन्यांनाही पटलं.

२०१७ च्याच पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पराटी डोक्याएवढी झालेली, हवा दमट, अंगात सुती बनियन, तोंडाला फार तर रुमाल. बख्तरभाऊच्या ओळखीचे त्यात होते की नाही, ते तो सांगत नाही. तेव्हापासून काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात मास्क, चश्मे आणि हातमोज्यांची टोपली असते. कीटकनाशकाची बाटली मागितली की बाटलीआधी टोपली पुढे येते. "हे घ्या, मंग ते देतो." गिऱ्हाईक म्हणतं, यानं जीव गुदमरते, घाम डोळ्यात जाते. तो म्हणतो, "माहीत हाय. मी रविवारी तीस किलोचं घालून बसतो." गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहतं आणि बाजूच्या दुकानात जातं. त्यामुळे महिन्याचा धंदा किती बुडतो, याचा हिशेब काका मोठ्या आवाजात सांगतात. तो टोपली हलवत नाही. माझं मत विचाराल तर यवतमाळात काउंटरमागे बसलेल्या माणसांत इतका शहाणा दुसरा नाही, आणि टेबलाभोवती बसलेल्यांत इतका त्रासदायकही दुसरा नाही. दोन्ही ठिकाणी तो तंतोतंत सारखंच वागतो.

त्रासाचा आणखी एक नमुना सांगून टाकतो. जड चिलखत घालून झोपलं तर पुरती विश्रांती मिळत नाही, असा नियम २०१७ च्या एका जोडपुस्तकात आला. मास्तरांनी तो लावला. आठवडाभर बख्तरभाऊ पोलादातच झोपला आणि थकवा तसाच घेऊन हिंडला. शेवटी आम्ही सगळ्यांनी हात जोडले तेव्हा एका रात्री त्याने चिलखत काढून शेजारी ठेवलं. त्याच रात्री दरोडेखोर आले. मास्तर असेच आहेत. जड चिलखत चढवायला दहा मिनिटं लागतात आणि लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, म्हणजे शंभर फेऱ्या. आमची लढाई पाच फेऱ्यांत आटोपली. तेवढ्यात आम्ही चार दरोडेखोर पाडले, ताई एकदा पडल्या, एकदा उठल्या. दर फेरीला मास्तर विचारत, "बख्तरभाऊ, तू?" आणि उत्तर येई, "थांबा ना सर, बक्कल लावून राह्यलो."

सहाव्या पायरीवर मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. २०२० च्या पुस्तकातल्या एका ऐच्छिक नियमाने लढण्याची शैली बदलता येते. 'बचाव' सोड, म्हणाले, 'संरक्षण' घे. तुझ्यापासून पाच फुटांत उभ्या असलेल्या सोबत्यावर कुणी वार केला, तर तू मध्ये ढाल घालायचीस. शत्रूला दोन फासे टाकून कमी तो धरावा लागेल. बख्तरभाऊने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. "माहा एसी?" वीस होईल. एकाने कमी. त्याने बिलबुक काढलं. एक रविवार त्याच हिशेबात गेला. दुसऱ्या रविवारीही तो पेन कानामागे खोचून बसला होता. तिसऱ्या रविवारी आला तो पावतीपुस्तक घेऊन.

"घेतो," म्हणाला. "पन एसी एकाने कमी होऊन राह्यला, त्याची भरपाई कोन देईन?" आणि त्याने योजना मांडली. त्याच्या पाच फुटांत उभं राहायचं असेल, तर ताईंनी महिन्याला पंधरा नाणी द्यायची, चोराने वीस. चोराचे जास्त का? "जोखीम जास्त. तू सुरी घेऊन फिरतो, कोनाच्याही खिशात हात घालतो." हप्ता चुकला तर त्या लढाईपुरतं संरक्षण बंद. आग, पूर, दरड आणि मांत्रिक यांपासूनचं नुकसान योजनेत बसत नाही, हे खाली बारीक अक्षरात.

ताईंनी सही केली. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. परवाच्या लढाईत त्यांच्यावरचे दोन वार त्याने ढालीवर घेतले आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच त्या शुद्धीवर घरी गेल्या. माझी चारशे नाणी त्याच्याकडे चिलखताच्या वर्गणीची आहेत, ती मी परत मागितली. त्याने ती वीस महिन्यांचा आगाऊ हप्ता म्हणून वळती करून घेतलीत आणि रीतसर पावती दिली आहे.